काही लागलं तर सांग

निवृत्त माणसाला घरात कोणी काम सांगत नाही आणि बाहेर कोणी काम देत नाही. त्यामुळे तो स्वतःच एखादे काम शोधून काढतो आणि त्यापायी घरातल्या सगळ्यांना कामाला लावतो. आमच्या शेजारचे गृहस्थ निवृत्तीनंतर होमिओपॅथीकडे वळले. तेव्हापासून आमच्या जिन्यात कोणालाही मोकळेपणाने शिंकण्याची सोय उरलेली नाही. त्या मानाने माझा छंद अगदीच निरुपद्रवी. मी संगणकावर प्रोग्रॅम लिहितो.

याचे मूळ बँकेत आहे. आमच्या बँकेत संगणक यायचे ठरले, तेव्हा प्रत्येक शाखेतून एक माणूस प्रशिक्षणाला पाठवावा असा कागद आला. कागद आला त्या दिवशी मी रजेवर होतो. म्हणून माझे नाव एकमताने सुचवण्यात आले. तिथे मला 'सी' नावाची भाषा शिकवली. बँकेला तिचा शेवटपर्यंत काही उपयोग झाला नाही, पण लहानपणी पाठ केलेल्या पावकी-निमकीसारखी ती डोक्याच्या एका कोपऱ्यात पडून राहिली, आणि फंडाच्या पैशांतून घेतलेल्या नव्या संगणकावर मी ती पुन्हा घोटू लागलो. "एवढ्या पैशांत देवघराला संगमरवर बसला असता," असे आमच्या हिचे मत आहे. ते मी नोंदवून ठेवले आहे.

आता या संगणकाचा आणि पाबळचा संबंध कसा आला ते सांगतो. पाबळ हे आमचे मूळ गाव. तालुका शिरूर, जिल्हा पुणे. गावाचे नाव सांगितले की लोक दोनपैकी एक प्रश्न विचारतात. इतिहासाची आवड असलेले विचारतात, "मस्तानीची समाधी आहे तेच ना?" आणि शिक्षणाची आवड असलेले विचारतात, "डॉक्टर कलबागांचा विज्ञान आश्रम तिथेच ना?" दोन्ही खरे. डॉ. श्रीनाथ कलबाग मुंबईतले मोठ्या कंपनीतले संशोधन सोडून १९८३ साली आमच्या गावी आले आणि हाताने काम करता करता शिकायचे, अशी शाळा त्यांनी माळावर उभी केली. पाण्यासंबंधी मात्र कोणीच काही विचारत नाही. विचारू नये हेच बरे. कारण पाबळ दुष्काळी पट्ट्यातले, आणि पाणी हा आमच्या गावाचा हळवा विषय आहे.

आमचे वडील, म्हणजे अण्णा, शाळामास्तर होते. त्यांनी अंगणात पत्र्याचे पर्जन्यमापक ठेवले होते आणि एक्केचाळीस वर्षे रोज सकाळी साडेआठ वाजता ते त्यातला पाऊस मोजून वहीत लिहीत. पाऊस नसला तर शून्य लिहीत. पाबळच्या वह्यांत शून्ये पुष्कळ. आम्हां पोरांना वाटे, शून्यच लिहायचे तर त्यासाठी एवढे रोज उठायचे कशाला? पण अण्णा म्हणत, शून्य हीही नोंदच असते.

आम्ही पाच भावंडे. सगळ्यांत थोरला दादा, तो गावी. मी पुण्यात, एक भाऊ नाशकात, एक अमेरिकेत टेक्सासला आणि बहीण बारामतीला. अण्णा गेल्यापासून शेत, घर, विहीर, भाऊबंदकी, आणि आता नव्वदीला टेकलेली आई, हे सगळे दादा आणि वहिनी बघतात. आम्ही चौघे दर रविवारी न चुकता फोन करतो आणि शेवटी सांगतो, "काही लागलं तर सांग हं." दादा म्हणतो, "हां, सांगतो की." मग आम्ही हलक्या मनाने दुपारची झोप काढतो. असे तीस वर्षे चालू होते.

आणि गेल्या वर्षी एका रविवारी दादाने खरोखरच सांगितले! मी इतका दचकलो की फोन हातातून पडायचा.

"आरं, तू त्या कम्प्युटरवर काय काय करतोस म्हणं. मग मला एवढं सांग, शेततळं केवढं काढू? बारकं काढलं तर कांद्याची शेवटची दोन पाणी चुकत्यात. थोरलं काढलं तर रान जातं आणि कागदाचा खर्च बोकांडी बसतो." कागद म्हणजे तळाला अंथरायचे जाड प्लॅस्टिक. खताच्या पिशवीपासून तळ्याच्या अस्तरापर्यंत आमच्याकडे सगळ्याला कागदच म्हणतात.

मी कंबर कसली. अण्णांच्या सगळ्या वह्या पुण्याला आणल्या आणि दोन महिने बसून शून्यांसकट संगणकात भरल्या. मग प्रोग्रॅम लिहिला. त्याची युक्ती अशी: अण्णांच्या पावसाळ्यांचे आठवड्या-आठवड्यांचे तुकडे पाडायचे, चिठ्ठ्या टाकून त्यांतून एक बनावट पावसाळा जुळवायचा, त्यात तळे भरायचे, कांदा लावायचा, पाळ्या द्यायच्या, उन्हाने उडून जाणारे पाणी वजा करायचे, आणि शेवटी कांदा तरला की वाळला ते लिहायचे. एका मापाच्या तळ्यासाठी हे हजारो वेळा करायचे. मग माप बदलून पुन्हा. मग लागवडीची तारीख बदलून पुन्हा. मग पाळ्यांचे अंतर बदलून पुन्हा. संगणकाच्या भाषेत याला लूप म्हणतात. बैलाच्या भाषेत घाणा म्हणतात.

घाणा पहिल्यांदा फिरवला तो सहा तास फिरला. सकाळी आंघोळ करून सुरू केला, तो दुपारचा चहा झाला तरी चालूच. उत्तर आले तेव्हा कळले की मी बाष्पीभवन वजा करण्याऐवजी मिळवले होते. उन्हाळ्यात तळी ओसंडून वाहत होती. चूक सुधारली, पुन्हा सहा तास!

दादाची मुलगी, म्हणजे माझी पुतणी, पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. शाळेत असताना आश्रमाच्या कार्यशाळेत हात काळे केलेले असल्यामुळे तिला कुठल्याही यंत्राची भीती वाटत नाही आणि कुठल्याही काकाची तर नाहीच. रविवारी ती आमच्याकडे जेवायला येते. तिने भात कालवता कालवता माझ्या पडद्यावर डाव्या हाताने एक खिडकी उघडली. तीत आठ चौकोन होते. एकात रेघ छताला टेकलेली, बाकीच्या सातांत जमिनीवर लोळत पडलेली. खाली आकडा होता साडेबारा टक्के.

"काका, तुमचे सात कोअर नुसते बसलेत."

"कोअर म्हणजे?"

"म्हणजे या डबीत आठ कारकून आहेत. तुमचं सगळं काम एकटा करतोय. सातजण चहा पितायत."

हे चित्र मला अपरिचित नव्हते. चाळीस वर्षे मी ते काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिलेले आहे. मधूनच एका चौकोनातली रेघ खाली येई आणि दुसऱ्यातली वर जाई. मला वाटले, चला, दुसरा मदतीला आला. पण ती नुसती खांदेपालट होती. पालखी एकच, भोई एकच, फक्त भोयाचा चेहरा बदललेला.

मग मी थोडे वाचन केले. आधी कंपन्या दरवर्षी जास्त वेगाचा एकच कारकून देत. २००४ साली त्याची धाव तीन-साडेतीन अब्ज ठोक्यांच्या पुढे, सेकंदाला जवळजवळ पावणेचार अब्जांपर्यंत गेली, आणि तिथे तो इतका तापू लागला की आणखी पळवला तर डबीच वितळावी. तेव्हा एकाला पळवण्याचा नाद सोडून २००५ पासून घरगुती संगणकांच्या डबीत दोन-दोन कारकून बसवायला सुरुवात झाली. मग चार झाले, मग आठ. वेग वाढला नाही, माणसे वाढली. सरकारी खात्यांनी हा शोध फार आधी लावलेला आहे.

आपल्या पुण्याने मात्र ही विद्या त्याच्याही आधी हस्तगत केलेली. अमेरिका महासंगणक द्यायला खळखळ करू लागली, तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली, आणि विजय भटकरांच्या पथकाने १९९१ साली 'परम ८०००' उभा केला. त्यात एक भीमकाय मेंदू नव्हता. ट्रान्सप्यूटर नावाच्या लहान लहान मेंदूंची फौज होती, आणि प्रत्येकाला कामाचा वाटा दिलेला होता. आमच्या पाबळच्या उत्तरेला, नारायणगावजवळ खोडदला, रेडिओ दुर्बीण आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. आकाशातून आलेला आवाज प्रत्येक तबकडीचा प्रत्येकीशी ताडून पाहायचा, म्हणजे जोड्या होतात चारशे पस्तीस. या जोडीचे गणित त्या जोडीसाठी अडत नाही, म्हणून ती सगळी एकाच वेळी चालतात. माझ्या पावसाळ्यांचेही तसेच होते. एक पावसाळा दुसऱ्याला काही विचारत नव्हता. असे काम वाटायला सगळ्यांत सोपे, असे सगळी पुस्तके सांगतात. पुस्तके लिहिणारांना पुतण्या नसाव्यात.

"एकच ओळ लिहायची, काका. लूपच्या डोक्यावर. प्राग्मा ओएमपी पॅरलल फॉर. म्हणजे कंपायलरला सांगायचं की हे फेरे सगळ्यांत वाटून दे." कंपायलर म्हणजे माझी भाषा यंत्राच्या भाषेत उतरवून देणारा दुभाषा.

मी ओळ लिहिली. मंगलाष्टके संपल्यावर टाकतात तशा उत्साहाने बटण दाबले. एक रेघ छताला. सात जमिनीवर. साडेबारा टक्के.

तीन दिवस मी ती ओळ उलटसुलट तपासली. शुद्धलेखन बरोबर, जागा बरोबर. दुभाषा चूकही दाखवीना. तो आपला ओळ वाची आणि मुकाट्याने पुढे जाई. शेवटी पुतणीला फोन केला. ती हसली.

"कंपाइल करताना ओपन-एमपी चालू कर असं वेगळं सांगितलंत का? नाही ना? मग ती ओळ म्हणजे नुसती सदिच्छा. तो ती नसल्यासारखीच धरतो. आणि नाराज होऊन काही बोलतही नाही."

ओळ खरी, हेतू शुद्ध, आणि परिणाम शून्य. अण्णांच्या वहीत घालावा असला शून्य. मला त्या वेळी उगाचच काहीतरी आठवल्यासारखे झाले, पण नीट आठवले नाही.

तो वेगळा शब्द लिहिल्याबरोबर मात्र आठही रेघा उसळून छताला लागल्या. पंखा असा घोंघावू लागला की ही स्वयंपाकघरातून "मिक्सर कोणी लावला?" म्हणत बाहेर आली. शंभर टक्के! आणि उत्तर आले, ते साफ चुकीचे. पुन्हा चालवले, तर निराळे चुकीचे. तिसऱ्यांदा तिसरेच. एकटा होता तेव्हा हळू का होईना, पण खरे बोलत होता.

ही चूक मात्र माझी मीच शोधली, कारण ती शुद्ध बँकेतली चूक होती. समजा, एका खात्यावर पाचशे रुपये आहेत. एका खिडकीवर शंभर भरले, दुसऱ्या खिडकीवर त्याच क्षणी पन्नास. दोघां कारकुनांनी खातेवही पाहिली, दोघांनाही पाचशे दिसले. एकाने सहाशे लिहिले. त्यावर दुसऱ्याने साडेपाचशे लिहिले. शंभर रुपये गेले आणि दोघेही प्रामाणिक! तरलेल्या कांद्यांची बेरीज मी एकाच जागी ठेवली होती आणि आठजण तीत एकदम लिहीत होते.

मी बेरजेवर कुलूप लावले. एका वेळी एकानेच आत जायचे. उत्तर बरोबर आले, पण वेळ लागला साडेसात तास. आठही जण कामापेक्षा रांगेतच जास्त उभे. शेवटी पुतणीने सांगितलेला उपाय केला: प्रत्येकाने आपली बेरीज आपल्या कागदावर करायची, आणि सगळ्यांचे फेरे संपल्यावर आठ बेरजा एकदाच मिळवायच्या. बँकेत आम्ही संध्याकाळी हेच करायचो. मग चिठ्ठ्यांचा डबा उरला. तोही एकच होता, आणि त्यात आठ हात एकदम. प्रत्येकाला स्वतंत्र डबा दिला, तर आठांनीही नेमक्या त्याच चिठ्ठ्या त्याच क्रमाने काढल्या आणि एकच पावसाळा आठदा मोजला. डब्यातल्या चिठ्ठ्यांचा क्रम ज्या आकड्यावरून ठरतो त्याला सीड, म्हणजे बियाणे म्हणतात. मी आठही वाफ्यांत एकच बी टाकले होते. शेतकऱ्याच्या पोराने करावी अशी ही चूक नव्हे.

एवढे झाल्यावरही एक खोट राहिलीच. सात रेघा लवकर खाली बसत आणि एकच बिचारी कितीतरी वेळ वर लटकत राही. ती का, हे कळायच्या आत एप्रिल आला आणि पाबळला कांदा काढणी सुरू झाली. म्हटले, आता स्वतः जाऊनच दादाला सांगू की उत्तर जवळ आले आहे.

शेतावर पोचलो तर बायकांची टोळी कांदा काढत होती आणि वहिनी बांधावर उभ्या होत्या. मी शहरी शहाणपणाने म्हटले, "वहिनी, बाया आठ आणि वाफे चाळीस. सकाळीच पाच-पाच वाटून द्यायचे. भानगडच नाही."

"तसं नसतं वो भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "एखाद्या वाफ्यात रान कडक, एखाद्यात गवत. वाटून दिलं की एकीच्या वाट्याला सगळं कडक येतं. बाकीच्या बसत्यात सावलीला आन् ती एकटी उन्हात. जिचा झाला तिनं फुडचा धरायचा. म्हंजी समद्या संगंच उठत्यात."

मी तिथेच बांधावर बसलो. माझा प्रोग्रॅम सकाळीच वाटे करून देत होता, आणि सगळी मोठी तळी, ज्यांचे गणित लांबत जाते ती, शेवटच्या कारकुनाच्या वाट्याला जात होती. त्याला डायनॅमिक शेड्युलिंग म्हणतात, हे पुतणीने मला नंतर सांगितले. तिने ते आईकडून ऐकले असते तर एक पुस्तक कमी घ्यावे लागले असते.

मग दादा दिसला. गोणी उचलायला तो वाकला नाही. गुडघ्यात बसला आणि मेजाला धरून उठावे तसा माणसाच्या खांद्याला धरून उठला. सदऱ्याखाली कमरेला रुंद पट्टा होता.

"हे कधीपासून?" मी वहिनींना विचारले.

"झालं की चार म्हैने. डॉक्टर म्हनले, वजन उचलायचं न्हाई. आत्याबाईंना रात्री उचलावंच लागतं. त्या दुसऱ्या कुनाच्या हातानं उठत न्हाईत."

"मग आम्हांला सांगितलं का नाही? दर रविवारी तर विचारतो."

वहिनींनी पदराने कपाळ पुसले. त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरे झाले असते.

"इचारता की. पन सांगायचं म्हंजी काय आन् कसं? औषधाचं कुनाला सांगू, तलाठ्याचं कुनाला सांगू, कोन मोकळं हाय, कोन न्हाई, हे समदं मीच बसून ठरवायचं. मग सांगायचं. मग झालं का ते पुन्यांदा इचारायचं. भाऊजी, सांगनं हे बी एक कामच हाय. त्ये करायला बी मान्सं लागत्यात."

पुण्याला परतताना एसटीत मला ती ओळ आठवली, जिला दुभाषा मुकाट्याने ओलांडून गेला होता. तीस वर्षे आम्ही चौघे लूपच्या डोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवत होतो: काही लागलं तर सांग. शुद्धलेखन बरोबर. जागा बरोबर. आणि एक रेघ छताला, चार जमिनीवर.

घरी येऊन मी आधी संगणकाचे काम संपवले. वहिनींच्या पद्धतीने फेरे वाटले, आठही रेघा एकदम वर गेल्या आणि एकदमच खाली आल्या. सहा तासांचे काम आठजणांत पाऊण तासात व्हायला हवे. झाले सव्वा तासात. याचे कारण जीन अ‍ॅमडाल नावाच्या संगणकतज्ज्ञाने १९६७ सालीच मांडून ठेवलेले आहे. सहा तासांतली छत्तीस मिनिटे अशी होती की जी वाटताच येत नव्हती: आधी अण्णांच्या वह्या वाचणे आणि शेवटी सगळा तपशील एकाच फाइलीत ओळीने उतरवणे. तो दहावा हिस्सा एकट्यानेच करायचा. आठांऐवजी आठ हजार कोअर आणले तरी छत्तीस मिनिटांच्या खाली कोणी जाऊ शकत नाही. थोडक्यात, कितीही मुंडावळ्या बांधल्या तरी बोहल्यावर उभे राहायला नवरदेव एकच लागतो.

उत्तर आले: सव्वीस मीटर बाय सव्वीस मीटर. मी धापा टाकत दादाला फोन केला.

"हां," दादा म्हणाला. "मी पंचवीस बाय पंचवीस सांगून ठेवलंय जेसीबीवाल्याला. एक मीटर बांधाला जातंय."

"तुला आधीच माहीत होतं?"

"अण्णांच्या वह्या तू नेल्यास. पाऊस न्हाई नेलास. तो मी बघितलाय की समोर बसून."

"मग मला कशाला सांगितलंस?"

पलीकडे जरा वेळ शांतता होती. "तुम्ही येवढं इचारता दर रविवारी. म्हटलं, कायतरी सांगावं."

त्या रात्री मी भावंडांना फोन लावले. कोणी काही विचारायचे नाही, असे ठरवले. ज्याने त्याने आपला वाटा आपण उचलायचा आणि दादाच्या कानावरही घालायचा नाही. नाशिककराने आईची औषधे आणि डॉक्टर घेतले. मी तलाठी, बँक आणि वीजबिल. टेक्सासवाल्याने तळ्याचा कागद आणि रात्रीला आईजवळ एक बाई. बहीण म्हणाली, "मी चार महिने जाऊन राहते, माझ्या घरच्यांना काही लागलं तर ते सांगतील."

पहिल्या महिन्यात वीजबिल दोनदा भरले गेले, कारण टेक्सासहूनही कोणीतरी हौसेने भरले. औषधांच्या गोळ्या तीन ठिकाणांहून आल्या आणि आईच्या काठीचे झिजलेले रबर मात्र कोणीच बदलले नाही, कारण प्रत्येकाला वाटले दुसऱ्याने बदलले असेल. पुतणीने एकदाच वर पाहून म्हटले, "काका, सगळे एकाच वहीत लिहितायत." मग प्रत्येकाला आपापला कागद दिला, आणि बेरीज महिन्याच्या शेवटी एकदाच. आता बरे चालले आहे. दादाची कंबर पुष्कळ सुधारली आहे. तळे पहिल्या पावसाळ्यात पाऊण भरले.

दहावा हिस्सा मात्र तसाच आहे. रात्री आईला जाग आली की ती बाईला हाक मारत नाही, बहिणीलाही मारत नाही. "दादा," एवढेच म्हणते. आणि तो उठतो. ते कोणाला वाटून घेता येत नाही. बहीण फक्त दिवा लावते.

परवा रविवारी मी फोन केला. सवयीने वाक्य तोंडावर आले होते, ते गिळले. तेवढ्यात दादाच म्हणाला, "बरं, ठिवतो. तुला कायी लागलं तर सांग."

मी म्हटले, काही नको. दुसऱ्या दिवशी दारात कांद्याची पिशवी. वहिनींच्या हातची, तोंड सुतळीने शिवलेली. मी हिला म्हटले, "मी तर नको म्हणालो होतो." ती म्हणाली, "दरवर्षी येते की. तुम्ही कधी मागितली होती?"

खरेच. तीस वर्षे काढणी झाली की आमच्या तिघांच्या घरी पिशवी येते. टेक्सासवाल्याच्या वाट्याची बहिणीकडे जाते. ती पाठव असे दादाला आम्ही कोणी कधीही सांगितलेले नाही.